रिव्हेटच्या डोक्यावरचा बर्फ

जानेवारीतली ओहायोची सकाळ. रात्री पारा शून्याखाली दहा अंशांपर्यंत उतरलेला. घराशेजारच्या मोकळ्या जागेत ॲल्युमिनियमचा एक जुना ट्रेलर उभा आहे. मोटारीमागे जोडून न्यायचं फिरतं घर, वय साठीच्या आसपास. आत कुणीतरी रात्रभर छोटा हीटर चालू ठेवला होता. उजाडताना बाहेरून पाहिलं तर त्याच्या गोलसर पाठीवर पांढरं हिम जमलेलं दिसतं, पण सगळीकडे नाही. ठरावीक अंतरावर उभ्या पट्ट्या कोरड्या राहिल्या आहेत, माशाच्या बरगड्यांसारख्या. पत्र्यामागच्या कमानी कुठे कुठे आहेत ते एका रात्रीत बाहेर उमटलंय. कारखान्याचा नकाशा हाती नसलेल्या माणसाला थंडीने फुकटात काढून दिलेला हा एक्स-रे.

आता दार उघडून आत जायचं. आतली भिंतही ॲल्युमिनियमचीच, तिच्यावर रिव्हेटच्या उभ्या रांगा. आणि जवळजवळ प्रत्येक रिव्हेटच्या डोक्यावर भिजवलेल्या साबुदाण्याएवढा बर्फाचा मणी. गंमत अशी की बाहेर जिथे हिम टिकलं नाही, नेमका तिथेच आत बर्फ धरलाय.

दोन्ही चमत्कारांचं कारण एकच. या ट्रेलरच्या भिंतीला दोन पत्रे असतात, एक बाहेरचा आणि एक आतला. दोन्ही पत्रे मधल्या ॲल्युमिनियमच्या कमानींना ठोकलेले, आणि उरलेल्या पोकळीत काचलोकर भरलेली. काचलोकर उष्णतेला अडवते, कारण तिच्या धाग्यांत हवा अडकलेली असते. ॲल्युमिनियम मात्र तिच्या हजारो पटींनी उष्णता वाहून नेतं. म्हणजे गोधडी पांघरलीय, पण तिला दर दोन हातांवर खिडकी ठेवलीय. आतली ऊब कमानीतून थेट बाहेर पळते. म्हणून बाहेर तिथे हिम धरत नाही, आणि आतला पत्रा तिथेच सगळ्यात थंड पडतो. मग उन्हाळ्यात थंड पाण्याच्या तांब्याला जसा घाम सुटतो, तसा त्या रिव्हेटला सुटतो आणि सुटता सुटता गोठतो.

पण हे पाणी आलं कुठून? छत गळलेलं नाही, पाऊस नाही, नळाची तोटी कोरडी. ते आलं आत झोपलेल्यांच्या श्वासातून. दोन माणसं रात्रभर झोपली तर श्वासातून आणि त्वचेतून मिळून साधारण अर्धा लिटर पाणी हवेत सोडतात. घराच्या मोठ्या खोलीत ते कळत नाही. सहा-सात मीटर लांबीच्या डब्यात ते सकाळी भिंतीवर मोजता येतं.

असे जुने ट्रेलर दुरुस्त करणारी अमेरिकन मंडळी हिवाळ्याच्या नावाने बोटं मोडतात, आणि त्यांची बाजू मला कळते. तरीही मला वाटतं, या कामाला हिवाळ्याइतका चोख परीक्षक दुसरा नाही. या घरांचा जीव घेतं ते पाणी. ते कुठून येतं, कुठे दडतं, कोणत्या वाटेने जातं, हे थंडीत जितकं स्पष्ट दिसतं तितकं एरवी दिसत नाही.

या घराची वंशावळ थेट विमानापर्यंत जाते. कॅलिफोर्नियातला हॉली बोलस हा ग्लायडर बनवणारा माणूस. चार्ल्स लिंडबर्गने १९२७ साली ज्या विमानातून एकट्याने अटलांटिक ओलांडला, त्या 'स्पिरिट ऑफ सेंट लुइस'च्या बांधणीवर देखरेख याच बोलसची होती. त्याने १९३४ साली 'रोड चीफ' नावाचा ट्रेलर केला. विमानासारखा रिव्हेट मारलेल्या चकचकीत पत्र्याचा, आणि दार पुढच्या टोकाला. म्हणजे मोटारीला जोडणाऱ्या दांड्यावर पाय देऊन आत शिरायचं! धंदा फार चालला नाही. वॉली बायम नावाच्या दुसऱ्या कॅलिफोर्नियाकराने ती कल्पना उचलली, दार बाजूला आणलं आणि १९३६ साली 'एअरस्ट्रीम क्लिपर' बाजारात आणला. नाव त्या काळच्या समुद्रापार जाणाऱ्या पॅन ॲमच्या विमानांवरून, किंमत १२०० डॉलर. महामंदीच्या दिवसांत ही रक्कम छोटी नव्हती. दुसऱ्या महायुद्धात ॲल्युमिनियम विमानांकडे वळलं आणि ट्रेलरचं उत्पादन थांबलं. ते युद्धानंतर पुन्हा सुरू झालं, आणि १९५२ पासून ओहायोतलं जॅक्सन सेंटर हे छोटं गाव या चंदेरी डब्यांचं माहेर बनलं. बायम १९६२ साली गेला. कारखाना अजून त्याच गावात आहे.

हे वाचताना कुणाला एस.टी.चा लाल डबा आठवला तर नवल नाही. महामंडळाच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या कार्यशाळांतून वर्षानुवर्षं ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या बस बांधून बाहेर पडल्या. खिडकीशी बसून बोटाने रिव्हेट मोजत घाट चढलेली पिढी अजून आहे. रिव्हेटला आपले कारागीर 'रिपीट' म्हणतात, तो शब्द मला मूळ शब्दापेक्षा जास्त आवडतो. एकामागून एक, हजारो वेळा तेच काम. दुसरं काय नाव द्यायचं?

तर या ट्रेलरचा बाहेरचा पत्रा जाडीला जेमतेम ०.८ मिलिमीटर. एवढ्याशा पत्र्यावर घर उभं राहतं, कारण तो पत्रा नुसता पडदा नाही, तो स्वतः भार वाहतो. अंड्याच्या कवचासारखं आहे ते. सपाट तुकडा चिमटीत मोडेल, पण वक्र करून सगळीकडून बांधला की त्याला तोडायला चांगलाच जोर लागतो. पन्नास-साठच्या दशकांतले पत्रे विमानाच्याच मिश्रधातूचे आहेत. आत तांबं मिसळलेलं मजबूत ॲल्युमिनियम आणि दोन्ही अंगांना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर. या जोडपत्र्याला 'ॲलक्लॅड' म्हणतात. शुद्ध थर मऊ असतो, पण गंजाला तो पुढे होऊन सामोरा जातो आणि आतल्याला वाचवतो. म्हणून चमक आणायच्या नादात ज्यांनी खरखरीत कागदाने पत्रा घासला, त्यांनी त्याचं कातडंच सोलून काढलं.

एवढं भक्कम कवच, मग हे घर मरतं कशाने? जमिनीपासून. खाली पोलादी सांगाडा, त्यावर प्लायवूडची जमीन, आणि जमिनीच्या काठावर बोल्टने आवळलेलं ॲल्युमिनियमचं कवच. वर कुठेतरी, खिडकीच्या कडेला, मागच्या दिव्याखाली किंवा छतावरच्या हवेच्या झाकणापाशी, साठ वर्षांत डिंक सुकून एक भेग पडते. त्यातून आत शिरलेला थेंब खोलीत टपकत नाही. टपकला असता तर बरं झालं असतं, कुणी बादली तरी ठेवली असती. तो दोन पत्र्यांच्या मधून, काचलोकर भिजवत गुपचूप खाली उतरतो आणि प्लायवूडच्या काठात मुरतो. वरून लाद्या शाबूत, गालिचा शाबूत. मागच्या कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा, तो चहात बुडवलेल्या पावात शिरावा तसा शिरतो.

पुढची गोष्ट रसायनाची. ॲल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांना टेकलेले, आणि मध्ये ओल. दोन वेगळे धातू आणि खारट पाणी म्हणजे झाली बॅटरी. यात झीज ॲल्युमिनियमची होते. बोल्टच्या भोवती पांढरी भुकटी दिसते ती त्याचीच राख. ओहायोत तर हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. थंडीत ट्रेलर रस्त्यावर ओढून नेणं म्हणजे त्या बॅटरीत आयतं मीठ घालणं. ट्रेलरच्या पोटाखालीही ॲल्युमिनियमचा पत्रा असतो. त्यावर भिजलेली काचलोकर वर्षानुवर्षं सांगाड्याला पोटीस बांधल्यासारखी चिकटून बसते. ती काढली की कधी कधी खालचं पोलाद बोटाने कुसकरता येतं.

मग काही वेडी माणसं ठरवतात, आता सगळं उकलायचं. आपल्याकडे कोकणात पावसाआधी घर शाकारतात, तसा इथला हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल. उन्हाळा हिंडायचा, म्हणून दुरुस्ती हिवाळ्यात. खर्चाचा हिशेब मांडला तर बहुतेक वेळा नाकापेक्षा मोती जड, पण तो हिशेब कुणी मांडत नाही.

आधी आतलं सामान निघतं, मग आतला पत्रा. एकेका रिव्हेटच्या डोक्यावर ड्रिल धरायचं आणि डोकं उडवायचं. शेकड्यांनी नाही, हजारांनी. पत्रा सुटला की भिंतीतून बाहेर येतात उंदरांची घरटी. थंडी पडली की उंदरांनाही ऊब हवी असते आणि काचलोकरीसारखी गादी त्यांना कुठे मिळणार! इथे मात्र थट्टा पुरे. अमेरिकेतल्या काही रानउंदरांच्या लेंडीमुतातून हंताविषाणू पसरतो आणि तो फुप्फुसं गाठतो. म्हणून कोरडा झाडू मारायचा नाही. आधी जंतुनाशकाने सगळं ओलं करायचं, तोंडाला नीट मास्क लावायचा, मगच उचलायचं. साठ वर्षं पाण्याने नासवलेल्या भिंतीत पहिलं काम पुन्हा पाणी शिंपडण्याचं.

मग येतो तो क्षण, जो पाहताना माझ्यासारख्या बघ्याचाही श्वास अडकतो. कवचाला आतून लाकडी आडवे-उभे दांडे बांधतात, काठाचे बोल्ट कापतात, वर उभारलेल्या चौकटींना साखळ्या अडकवतात आणि आख्खं चंदेरी कवच हळूहळू उचलतात. विठ्ठलाच्या मूर्तीवरून मुकुट काढावा इतक्या जपून. खालचा गंजका सांगाडा चाकांवर बाहेर ढकलला जातो, आणि वर अधांतरी राहतं ते रिकामं घर, जमीन नसलेलं.

सांगाडा खरवडून, वेल्डिंग करून झाला की त्याला रंग द्यायचा. थंडीचा पहिला मोठा डाव इथे. समजा गॅरेजमधली हवा हीटरने १५ अंशांपर्यंत तापवली आणि आर्द्रता ६० टक्के आहे. या हवेचा दवबिंदू साधारण ७ अंश. म्हणजे ७ अंशांहून थंड कशालाही ती टेकली की घाम. हवा तासाभरात तापते, पण दोन-तीनशे किलोचं पोलाद रात्रभर गारठलेलं, ते अजून दोन अंशांवर अडलेलं असतं. डोळ्यांना कोरडं दिसणाऱ्या त्या पोलादावर पाण्याचा अदृश्य पापुद्रा धरलेला असतो. त्यावर रंग मारला तर रंग पोलादाला चिकटत नाही, पाण्याला चिकटतो, आणि वसंतात पापडासारखा सुटतो. म्हणून रंगाऱ्यांचा नियम असा की पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी उबदार हवा. हवा किती गरम आहे हे इथे कुणी विचारत नाही, पोलाद किती गरम आहे ते विचारतात.

मग हीटर आणखी वाढवावा, असं वाटेल. पण कोणता? गॅरेजमध्ये सर्रास वापरतात तो प्रोपेनचा उघड्या ज्योतीचा हीटर. आता हे ऐका. १ किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी तयार होतं. गॅसपेक्षा पाणी जास्त! हिशेबात चूक नाही. प्रोपेनमधला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी जोडला जातो आणि वजन वाढवणारा तो ऑक्सिजन हवेतून आलेला असतो. म्हणजे खोली कोरडी व्हावी म्हणून आपण जी ज्योत पेटवतो, ती खोलीत तांबे भरभरून अदृश्य पाणी ओतत असते. सकाळी सांगाडा घामाने निथळत असतो आणि माणूस छताकडे बघत विचारतो, गळतंय कुठून? शिवाय बंद जागेत अशी ज्योत कार्बन मोनॉक्साइडही सोडू शकते. त्याला वास नसतो, आणि त्याने माणसं झोपेतच जातात. धूर बाहेर सोडणारा किंवा विजेवरचा हीटर बरा.

प्रोपेनचं नाव निघालंच आहे तर एक आडवळण. आपल्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण असतं. ब्युटेन शून्याच्या जरासं खालीच उकळायचं थांबतं. कडाक्याच्या थंडीत ते सिलिंडरमध्ये नुसतं द्रव होऊन पडून राहील, ज्योतीपर्यंत पोचणारच नाही. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू होत राहतो. म्हणून उत्तर अमेरिकेतल्या ट्रेलरच्या पुढ्यात जोडलेल्या टाक्या प्रोपेनच्या असतात.

रंगानंतर नवीन प्लायवूड. त्याच्या कडांत पाणी मुरू नये म्हणून इपॉक्सी पाजतात. इपॉक्सीचे दोन डबे, मिसळले की कडक होणारे. पण डबा उघडला तर आत साखरेसारखे खडे! थंडीत खोबरेल तेलाची बाटली थिजते, जुना मध दाणेदार होतो, तसंच हे. डबा गरम पाण्यात ठेवला की पुन्हा पातळ होतो, खराब झालेला नसतो. कठीण भाग पुढे आहे. रासायनिक क्रिया ढोबळमानाने दर १० अंश थंडीला निम्म्या वेगाने चालते. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत कडक होणारा थर थंडीत दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत चिकट राहतो. तेवढ्या वेळात हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड त्याच्या कठीण करणाऱ्या घटकाशी लगट करून वर मेणचट साय आणतात. ती पाण्याने पुसून काढल्याशिवाय पुढचा हात मारायचा नाही.

आणि आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. पत्र्यांच्या सांध्यांत पाणी शिरू नये म्हणून जो पॉलियुरेथेनचा चिकट लगदा भरतात, तो वाळत नाही. वाळणं म्हणजे पाणी उडून जाणं. हा कडक होतो तो पाणी पिऊन. हवेतली वाफ त्याच्यात शिरते, तिच्याशी त्याची रासायनिक क्रिया होते आणि बाहेरून आत तो रबरासारखा बनत जातो. पाणी अडवणारा पहारेकरी, आणि नोकरीवर रुजू व्हायला त्याला पाणीच लागतं! आता ओहायोचा हिवाळा बघा. गोठलेल्या हवेत वाफ मुळातच थोडी. ती हवा विजेवर तापवली की आणखी कोरडी भासते. थंडीने क्रिया मंद आणि हवा तहानलेली, अशी दुहेरी कोंडी. रंगाच्या वेळी ज्या आर्द्रतेला शिव्या दिल्या, तिचीच आता वाट बघायची. अनुभवी माणसं शेजारी ओला फडका टांगून ठेवतात. सिलिकोनच्या नादी ते लागत नाहीत, कारण एकदा सिलिकोन लागलं की त्या जागी पुढे दुसरं काही धरत नाही.

मग रिव्हेट. पक्क्या रिव्हेटला दोन माणसं लागतात. बाहेरचा हवेवर चालणारी बंदूक रिव्हेटच्या डोक्यावर धरतो, आतला पोलादाचा जड ठोकळा शेपटीवर दाबून धरतो. बंदूक थरथरते, ठोकळ्यावर आपटून शेपूट चपटं होतं आणि दोन पत्रे कायमचे एक होतात. दोघे एकमेकांना दिसत नाहीत, आवाजात ऐकू येत नाही, म्हणून पत्र्यावर टकटक करून बोलतात. इतक्या ठोक्यांना 'ठीक', तितक्या ठोक्यांना 'पुन्हा मार'. उणे दहात त्या पोलादी ठोकळ्याला उघडा हात लावणं ही शिक्षाच. ॲल्युमिनियम मात्र थंडीत ठिसूळ होत नाही. साधं पोलाद फार थंड झालं की काचेसारखं तडकू शकतं, खिडक्यांची जुनी रबरं तर हमखास तुटतात. ॲल्युमिनियमला फरक पडत नाही.

या धातूचं थंडीशी याहून विलक्षण नातं आहे. १९०६ च्या सुमारास जर्मनीत आल्फ्रेड विल्म तांबं मिसळलेल्या ॲल्युमिनियमचे तुकडे तापवून झटकन थंड करत होता. लगेच मोजलं तर ते मऊच. काही दिवसांनी तेच तुकडे मोजले तर कितीतरी कडक, आणि मधल्या वेळात त्यांना कुणी हातही लावला नव्हता. धातू टेबलावर पडल्या पडल्या आतून बदलत होता. तांब्याचे अणू हळूहळू एकत्र येऊन धातूच्या घसरत्या थरांना अटकाव करत होते. पुढे विमानांचे काही रिव्हेट याच प्रकारच्या धातूचे निघाले, तेव्हा पंचाईत झाली. तापवून बुडवलेला रिव्हेट खोलीत ठेवला तर ठोकण्याआधीच कडक! उपाय निघाला तो बर्फाच्या पेटीचा. रिव्हेट गोठवून ठेवायचे, म्हणजे अणूंची हालचाल जवळपास थांबते, आणि पेटीतून काढल्यावर काही मिनिटांत ठोकून टाकायचे. कारखान्यात त्यांचं नावच 'बर्फपेटीचे रिव्हेट' पडलं. ट्रेलरला साधारणपणे साध्या मिश्रधातूचे रिव्हेट चालतात, त्यांना हे लाड लागत नाहीत. पण जानेवारीत गॅरेजमध्ये कुडकुडत रिव्हेट मारणाऱ्याला हे ठाऊक असलं तर तेवढाच धीर.

सांधे भरले, रिव्हेट बसले. आता गळतं की नाही हे कसं पाहायचं? उन्हाळ्यात नळी लावून पाणी मारता येतं, इथे ते पत्र्यावरच गोठेल. एक साधी युक्ती आहे. आत अंधार करून बसायचं आणि बाहेरून कुणीतरी टॉर्च फिरवायचा. जिथे सुईएवढा प्रकाश आत येतो, तिथे पाणीही येणार. दुसरी युक्ती, त्यातल्या त्यात उबदार दिवशी पंख्याने आत हवा कोंबायची आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं. सायकलचं पंक्चर काढणाऱ्याला हे शिकवायला नको.

अशाच एका घराला एकदा उलटी परीक्षा द्यावी लागली होती. जुलै १९६९ मध्ये चंद्रावरून परतलेले आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स समुद्रातून उचलून 'हॉर्नेट' या जहाजावर आणले गेले, आणि थेट एका बदल करून घेतलेल्या एअरस्ट्रीम ट्रेलरमध्ये कोंडले गेले. चंद्रावरून काही जंतू आले असतील तर ते बाहेर पडू नयेत म्हणून आतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी ठेवला होता. म्हणजे भेग असलीच तर हवा आतच ओढली जाईल. खिडकीच्या काचेपलीकडे अध्यक्ष निक्सन उभे, अलीकडे चंद्रावर जाऊन आलेली माणसं. तो ट्रेलर आता व्हर्जिनियातल्या स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे.

नळांचं काम लवकर उरकतो, कारण तत्त्व एकच आहे. गोठताना पाणी ९ टक्के फुगतं. फुगायला जागा नसेल तर उणे २२ अंशांच्या आसपास त्याचा दाब वातावरणाच्या दोन हजार पटींवर जातो. तांब्याची नळी त्याच्यापुढे काय! पण नळी बहुतेक वेळा बर्फ धरला तिथे फुटत नाही. बर्फाचं बूच तयार होतं आणि ते बूच व बंद तोटी यांच्यामध्ये कोंडलेलं, अजून न गोठलेलं पाणी नळी फोडतं. म्हणून थंडीआधी सगळं पाणी काढायचं, हवेने फुंकून नळ्या रिकाम्या करायच्या, आणि मोरीखालच्या वळणदार नळीत गोठणरोधक प्रॉपिलीन ग्लायकॉल घालायचं. मोटारीच्या रेडिएटरमधलं नेहमीचं ग्लायकॉल विषारी असतं, ते पिण्याच्या नळांत चालत नाही. बॅटरीलाही गोठण्याचा धोका असतो. पूर्ण भरलेली बॅटरी उणे पन्नासलाही गोठत नाही, पार रिकामी झालेली उणे आठच्या आसपासच गोठून फुटते.

शेवटी पुन्हा त्या बरगड्यांकडे. आतला पत्रा परत लावायच्या आधी प्रत्येक कमानीवर उष्णतारोधक फोमची पातळ पट्टी चिकटवतात. धातूला धातू थेट टेकू द्यायचा नाही. रिव्हेट तरीही आरपार जातोच, त्याला इलाज नाही. पण पट्टीमुळे कमानीची सगळी रुंदी थंडी आत आणत नाही. ही चार मिलिमीटरची पट्टी मला ट्रेलरवरच्या कुठल्याही चकचकाटापेक्षा मोलाची वाटते. सांध्यांचंही एक भान ठेवावं लागतं. सात मीटरचं हे कवच कडाक्याच्या थंडीपासून उन्हाच्या तडाख्यापर्यंत, समजा ७० अंशांच्या फरकात, ११ मिलिमीटर लांब होतं. खालचं पोलाद त्याच फरकात जेमतेम ६. वरचं आणि खालचं घर वर्षभर एकमेकांवर सरकत असतं. म्हणून ताठ, कडक सिमेंटासारखं काही भरून चालत नाही. जे भरायचं ते मऊ राहणारं हवं.

पॉलिशबद्दल मी फारसं लिहीत नाही. लोक या ट्रेलरवर भाळतात ते आरशासारख्या पाठीवर, आणि तो आरसा आणायला माणसं अंगावर काळी भुकटी घेत आठवडेच्या आठवडे घासत बसतात. फक्त एक गंमत सांगतो. चकचकीत ॲल्युमिनियम स्वतःची उष्णता आकाशाकडे फार कमी फेकतं, काळ्या पृष्ठभागाच्या जेमतेम पाच टक्के. काच मात्र भरपूर फेकते. म्हणून हीटर बंद असलेल्या निरभ्र रात्री आधी खिडक्या पांढऱ्या होतात आणि घासलेला पत्रा बराच वेळ तसाच राहतो. पत्र्यावर लाखेचा पारदर्शक थर असला की ही गंमत गेली.

एप्रिल उजाडतो. मीठ पावसाने धुऊन जातं. पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री कुणीतरी अर्धवट सजलेल्या त्या घरात टॉर्च घेऊन बसतं. गाद्या नाहीत, दिवे नाहीत, प्लायवूडच्या जमिनीवर नुसती सतरंजी. छतावर पाऊस ताशासारखा वाजतोय. टॉर्च पहिल्या खिडकीच्या खालच्या कडेवर जातो, मग बोट त्या कडेवरून फिरतं. कोरडं. दुसरी खिडकी, कोरडी. छतावरचं हवेचं झाकण, त्याचे चारी कोपरे. मग गुडघ्यांवर रांगत मागचा उजवा कोपरा, जिथे शरद ऋतूत स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला होता. बोट तिथे जरा जास्त वेळ थांबतं.